छिद्र, छत्री आणि परतीची वाट

१/
एप्रिल १९७५. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स. १७ वर्षांची एक मुलगी कॅथेटर प्रयोगशाळेतील मेजावर निजलेली आहे. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. बालहृदयरोगतज्ज्ञ टेरी किंग आणि शल्यविशारद नोएल मिल्स तिच्या मांडीच्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत नेतात. त्या नळीतून दोन इवल्या छत्र्या आत सोडल्या जातात. एक पडद्याच्या डाव्या बाजूस उघडते, दुसरी उजव्या बाजूस, आणि दोन्ही मधोमध एकमेकींत अडकवल्या जातात. छाती न उघडता हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवण्याचा हा मानवावरील पहिला यशस्वी प्रयोग. हा धागा त्या छत्रीच्या पुढील अर्धशतकाचा.

२/
आधी छिद्राविषयी थोडे. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नसतात. त्यामुळे आईकडून आलेले शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून सरळ डाव्या कप्प्यात जावे, यासाठी मधल्या पडद्यात निसर्गानेच झडपेची एक वाट ठेवलेली असते. जन्मानंतर ती झडप मिटते. पण पडद्याची घडणच अपुरी राहिली, तर तेथे कायमचे छिद्र उरते. वैद्यकाच्या भाषेत हा ‘एएसडी’. आपल्या घरांतून त्याला नुसतेच ‘हृदयाला भोक’ म्हणतात.

३/
डाव्या कप्प्यातील दाब उजव्यापेक्षा किंचित अधिक. म्हणून फुप्फुसांतून नुकतेच शुद्ध होऊन आलेले रक्त छिद्रातून उजवीकडे गळते आणि पुन्हा फुप्फुसांकडे जाते. भरलेली घागर परत विहिरीवर नेण्याचा हा फेरा आयुष्यभर चालतो. हृदयाची उजवी बाजू ताणत जाते. बालपणी बहुधा काहीच जाणवत नाही. तिशी-चाळिशीत दम लागू लागतो, हृदयाचा ताल बिघडतो, काहींच्या फुप्फुसांतील दाब कायमचा वाढून बसतो.

या रोगाची ही संथ चाल ध्यानात ठेवावी. ज्याच्या हृदयात उपकरण बसवायचे, तो मनुष्य बहुतेकदा चालत, हसत रुग्णालयात आलेला असतो. मरणासन्न रुग्णावर जे धाडस क्षम्य ठरते, ते येथे ठरत नाही. पुढची सगळी कथा या एका अटीने बांधलेली आहे.

४/
छत्रीच्या आधी सुई-दोरा होता. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे शरीर थंड करून, हृदयाकडे येणारे रक्त रोखून, उघड्या हृदयातील छिद्र शिवले. थंड शरीराला प्राणवायू कमी लागतो. त्या बळावर त्यांना सुमारे साडेपाच मिनिटे मिळाली. तेवढ्यात हृदय उघडायचे, छिद्र शोधायचे, शिवायचे, बंद करायचे.

५/
त्याच सुमारास बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी काढलेली युक्ती आज विलक्षण वाटते. उजव्या कप्प्याच्या भिंतीला त्यांनी रबराचे एक नरसाळे शिवले आणि त्याच्या तळाशी कप्पा उघडला. रक्त नरसाळ्यात काही उंचीपर्यंत चढून थांबे, बाहेर सांडत नसे. शल्यविशारद त्या रक्ताच्या विहिरीत बोटे बुडवून, डोळ्यांना काहीही न दिसता, केवळ स्पर्शाने छिद्राचा काठ चाचपून टाके घाली. वेळेची घाई नव्हती. पण दृष्टीही नव्हती.

६/
६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने १८ वर्षांच्या एका तरुणीचे असेच छिद्र शिवले. सुमारे २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम यंत्राने केले. पत्नी मेरी यांच्या सोबतीने गिबन यांनी या यंत्रामागे जवळपास दोन दशके घालवली होती. त्यानंतरचे त्यांचे रुग्ण मात्र वाचले नाहीत, आणि त्यांनी स्वतःच हे काम थांबवले. यंत्र सुधारले ते इतरांच्या हातून.

७/
१९७० च्या दशकापर्यंत हे ऑपरेशन बऱ्यापैकी सुरक्षित झाले होते. किंग आणि मिल्स यांच्या छत्रीची स्पर्धा मृत्यूशी नव्हती. एका चांगल्या, रुळलेल्या शस्त्रक्रियेशी होती. छातीचे हाड कापणे, यंत्रावर जाणे, जन्मभराचा व्रण आणि काही आठवड्यांची विश्रांती, एवढे टाळण्यासाठी ही खटपट. साहजिकच अनेक शल्यविशारदांना ती अनाठायी वाटली, आणि त्यांच्या शंकेत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही.

८/
हृदयात नळी घालण्याची वाट मात्र जुनी. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसाच चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. पुढची अनेक वर्षे कॅथेटर पाहण्या-मोजण्यापुरताच राहिला. त्याला ‘हात’ दिला तो विल्यम रॅशकिंड यांनी, १९६६ मध्ये, फिलाडेल्फियात. गंमत अशी की त्यांनी पडद्यातले छिद्र बुजवले नाही, मोठे केले! ज्या बाळांच्या हृदयातील मुख्य रक्तवाहिन्या अदलाबदल होऊन जन्माला येतात, त्यांना जगण्यासाठी दोन्ही बाजूंचे रक्त मिसळणे आवश्यक असते. रॅशकिंड फुगा असलेली नळी पडद्यापार नेत, फुगा फुगवत आणि एका हिसक्याने मागे ओढत. पडदा फाटे, बाळ निळ्याचे गुलाबी होई.

९/
फाडायला एक हिसका पुरतो. बुजवण्याचे गणित निराळे. उपकरण नळीत मावेल इतके घडी झाले पाहिजे. आत गेल्यावर छिद्रापेक्षा मोठे उघडले पाहिजे. धडधडत्या, पातळ पडद्याला टाक्यांविना धरून राहिले पाहिजे. आणि रक्तात गुठळी न होऊ देता हळूहळू शरीराच्या पेशींनी झाकले गेले पाहिजे. किंग-मिल्स यांची छत्री पोलादी काड्यांची, वर डॅक्रॉनचे कापड. पेशी चढतात त्या या कापडाच्या विणीवर.

१०/
अडचण होती ती नळीची. कॅथेटरची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. किंग-मिल्स यांची नळी २३ फ्रेंच, म्हणजे पावणेआठ मिलिमीटरच्या घरात. ती शिरेत घालण्यासाठी जांघेत छेद घ्यावा लागे. लहान मुलांचा तर विचारच नको. आणि छिद्र सापडते ते बहुधा लहानपणी.

दुसरी अडचण डोळ्यांची. क्ष-किरणांत धातूच्या काड्या दिसतात, पडदा दिसत नाही. छिद्र किती मोठे, हे मोजायला किंग यांनी फुग्याचाच आधार घेतला: छिद्रातून फुगा ओढून पाहायचा, किती मापाचा अडतो ते टिपायचे. ग्रॉस यांच्या रक्ताच्या विहिरीतले बोट येथे तीन फूट लांब नळीच्या टोकाशी आले होते, इतकेच.

११/
१९७६ मध्ये दोघांनी पाच यशस्वी रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपकरण बाजारात कधीच आले नाही. परंतु दोन चकत्यांत पडदा चिमटीसारखा धरायचा, ही मूळ कल्पना आजपावेतो पुसली गेलेली नाही.

१२/
रॅशकिंड यांनी वेगळा मार्ग धरला. एकच छत्री, फोमने मढवलेली, आणि काड्यांच्या टोकांना मासे धरण्याच्या गळासारखे आकडे. डाव्या कप्प्यात उघडायची, मागे ओढायची, आकडे पडद्यात रुततात. नळी तुलनेने बारीक झाली. पण आकडा जिथे रुतला तिथे रुतला. छत्री तिरकी बसली, आकडा पडद्याऐवजी झडपेत अडकला, तर हलवता येत नाही, काढताही येत नाही. उरतो तो शस्त्रक्रियेचा मार्ग, तोही तातडीचा.

इथे या इतिहासाचा खरा प्रश्न पहिल्यांदा उघडा पडतो. बसवायचे कसे, हे सगळेच सांगत होते. चुकले तर परत कसे यायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. शल्यविशारद चुकलेला टाका उसवतो. कॅथेटरवाल्याला उसवण्याची सोय नव्हती.

१३/
बॉस्टनमधील जेम्स लॉक यांनी आकडे टाकून दिले. त्यांच्या ‘क्लॅमशेल’ला, म्हणजे शिंपल्याला, दोन छत्र्या आणि प्रत्येक काडीच्या मध्यावर स्प्रिंगचा सांधा. काड्या सांध्यात वाकून शिंपल्याच्या दोन झाकणांप्रमाणे पडद्यावर मिटत. नळी ११ फ्रेंचवर आली, पावणेचार मिलिमीटरच्या आत. अन्ननलिकेतून घेतलेली सोनोग्राफी तोवर उपलब्ध झाली होती, त्यामुळे डॉक्टरांना पडदा, काठ आणि रक्ताचा प्रवाह प्रथमच एकत्र दिसू लागला. १९८९ मध्ये अमेरिकेत चाचण्या सुरू झाल्या. सारे जुळून आल्यासारखे दिसत होते.

१४/
मग क्ष-किरण चित्रांत मोडलेल्या काड्या दिसू लागल्या.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक. दर ठोक्याला सांधा किंचित वाकतो. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिल्यास ती तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. क्लॅमशेलच्या काड्या नेमक्या तशाच तुटत होत्या. बहुतेक रुग्णांना त्याचा त्रास झाला नाही, कारण तोवर कापडावर पेशींचा थर चढलेला असे. तरीही धडधाकट मुलांच्या हृदयात मोडकी तार ठेवण्याचे समर्थन कसे करायचे? १९९१ मध्ये वापर थांबवण्यात आला. धातू आणि सांधा बदलून हेच उपकरण पुढे ‘कार्डिओसील’ नावाने परतले.

१५/
१९९० च्या दशकाचा पूर्वार्ध म्हणजे कल्पनांची जत्रा. एलेफ्थेरिओस सिडेरिस यांनी तर शिवणकामातून प्रेरणा घ्यावी तसे काज-बटणाचे उपकरण केले: डावीकडे कापडाचा तुकडा, उजवीकडे पट्टी, आणि मधे बटण. मिनेसोटात ग्लॅडविन दास यांनी ‘एंजल विंग्ज’ हे नायटिनॉलच्या चौकटीचे उपकरण १९९३ मध्ये मांडले. ते छिद्राच्या मध्यावर आपोआप येऊन बसे. यांपैकी बरीच नावे आज केवळ जुन्या नियतकालिकांत सापडतात. पण दास यांच्या उपकरणातले दोन धागे, नायटिनॉल आणि आपोआप मध्य साधणे, पुढे निर्णायक ठरले.

१६/
हे नायटिनॉल हृदयासाठी जन्मलेच नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता आणि आघात सोसणारा मिश्रधातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणातून तो मिळाला. नावातले ‘नॉल’ हे त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचे. पुढे एका बैठकीत या धातूची पंख्यासारख्या घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत असता, उपस्थितांपैकी एकाने तिला आपल्या पाइपच्या लायटरची आच दाखवली. पट्टी सर्वांच्या देखत ताडकन सरळ झाली. धातूला आपला मूळ आकार आठवत होता.

१७/
त्याच धातूचा दुसरा गुण हृदयाच्या कामी आला. शरीराच्या उष्णतेत तो विलक्षण लवचीक असतो. ओढून, लांबवून नळीत कोंबा. मोकळा होताच मूळ आकारात परत. सांधा नको, स्प्रिंग नको, म्हणजे वारंवार वाकून तुटणारी ती एकच जागाही नको.

१८/
हे ओळखले कुर्ट अँप्लाट्झ यांनी. जन्म १९२४, ऑस्ट्रिया. कर्मभूमी मिनेसोटा विद्यापीठ. ते हृदयरोगतज्ज्ञ नव्हते, शल्यविशारदही नव्हते. क्ष-किरणतज्ज्ञ होते, आणि नळ्या-तारा स्वतः घडवण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी छत्रीची कल्पनाच सोडून दिली. काड्या आणि कापड असा भेद न ठेवता ७२ बारीक तारांची एक नळीसारखी जाळी विणली आणि उष्णता देऊन तिला कायमचा आकार दिला: दोन चपट्या चकत्या, मधे आखूड कंबर. बसका केलेला डमरूच म्हणा. आत पॉलिएस्टरचे तुकडे शिवलेले.

१९/
कंबर हाच या रचनेचा प्राण. आधीची बहुतेक उपकरणे पडद्याला दोन्हीकडून पकडत. मधला दांडा बारीक, त्यामुळे छिद्रात इकडेतिकडे सरकायला जागा. छिद्र झाकायचे तर चकती छिद्राच्या दुप्पट घ्यावी लागे. अँप्लाट्झ यांच्या उपकरणाची कंबर छिद्र भरूनच टाकते, त्यामुळे ते आपोआप मध्यावर बसते. डावी चकती कंबरेपेक्षा १२ ते १६ मिलिमीटरच मोठी पुरते. उपकरणाचे माप म्हणजे कंबरेचे माप, बुटाच्या नंबरासारखे.

२०/
आणि परतीची वाट? उपकरण एका लांब तारेच्या टोकाला बारीक स्क्रूने जोडलेले असते. डावी चकती उघडा, मागे ओढून पडद्याला टेकवा, कंबर आणि उजवी चकती उघडा, सोनोग्राफीत चहूबाजूंनी पाहा, हलकेच ओढून-ढकलून परीक्षा घ्या. पसंत नाही? सगळे पुन्हा नळीत ओढून घ्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा, हवे तितक्या वेळा. स्क्रू उलटा फिरवेपर्यंत काहीही अंतिम नाही. एका साध्या आट्याच्या स्क्रूने कॅथेटरवाल्याच्या हाती उसवण्याची सोय आली. नायटिनॉलची कीर्ती बरीच गायली जाते. या स्क्रूचे नाव फारसे कोणी घेत नाही.

२१/
१९९५ मध्ये स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथे योझेफ माशुरा यांनी हे उपकरण प्रथम मानवात बसवले. पहिल्या ३० रुग्णांचा वृत्तांत १९९७ मध्ये आला. अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २००१ मध्ये. तेथील तुलनात्मक अभ्यासात ४४२ रुग्णांना उपकरण आणि १५४ जणांना शस्त्रक्रिया मिळाली होती. यशाचे प्रमाण उपकरणात ९५.७ टक्के, शस्त्रक्रियेत १०० टक्के. पण गुंतागुंत ७.२ विरुद्ध २४ टक्के, आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी एक दिवस विरुद्ध साडेतीन दिवसांच्या आसपास. सुई-दोरा छिद्र अधिक हमखास बुजवत होता, हे आकड्यांत स्पष्ट आहे. तरी पारडे फिरले.

२२/
आणि मग भरण्याचीही किंमत पुढे आली. फार थोड्या रुग्णांत, कधी काही तासांत तर कधी वर्षांनी, चकतीची कडा कप्प्याची भिंत घासत घासत भेदून बाहेर येई. रक्त हृदयाच्या आवरणात साचे आणि हृदय दाबले जाई. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशी २८ उदाहरणे तपासली गेली. प्रमाण साधारण हजारात एक. बहुतेकांत महाधमनीच्या बाजूचा छिद्राचा काठ अपुरा होता, आणि छिद्राच्या मानाने उपकरण मोठे निवडलेले होते.

२३/
याचे मूळ पुन्हा त्या मोजमापाच्या फुग्यातच सापडते. फुगा छिद्रात कसून फुगवला की मऊ काठ ताणले जातात. माप मोठे येते. उपकरण मोठे निवडले जाते. निसटण्याची भीती कमी, घासण्याची जास्त. तेव्हापासून फुगा केवळ रक्ताची गळती थांबेपर्यंतच फुगवावा, असा संकेत रुळला. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार मंडळाने याच धोक्यावर विशेष बैठक घेतली. हजारात एक हे प्रमाण ऑपरेशनच्या जगात क्षुल्लक ठरेल. पण तिसऱ्या परिच्छेदातील अट आठवावी: हा रुग्ण चालत, हसत आलेला होता. म्हणूनच ‘हेलेक्स’सारख्या मऊ, कमी धातूच्या उपकरणांकडे काहींचा कल झुकला, त्यांना मोठी छिद्रे मात्र पेलत नसत.

२४/
खालच्या कप्प्यांमधील छिद्रांचा इतिहास याहून खडतर. तेथे पडदा जाड, दाब प्रचंड, आणि सर्वाधिक आढळणाऱ्या छिद्राच्या काठालगत हृदयाचा विद्युत्संदेश वाहून नेणारा तंतूंचा गठ्ठा जातो. तो उपकरणाने दाबला गेला तर ठोक्यांचा ताल तुटतो आणि काहींना कायमचा पेसमेकर लागतो. धातू तोच, विणकर तोच, तरी जागा बदलली की सारा हिशेब बदलतो. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

२५/
मोठ्या छिद्रांचा पेच सोडवण्यात मुंबईचा एक वाटा आहे. छिद्र मोठे आणि काठ तुटपुंजे असले की डावी चकती मागे ओढताच काठावरून घसरून उजव्या कप्प्यात येते; डॉक्टर पुन्हा आत घेतो, ती पुन्हा घसरते. भारत दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. दुसऱ्या शिरेतून एक फुगा छिद्रात नेऊन फुगवायचा, चकतीला त्याचा टेकू द्यायचा, उजवी चकती उघडली की फुगा सावकाश रिकामा करायचा. नवे उपकरण नाही, नवा धातू नाही. मोजमापात ज्याने घोटाळा केला, तोच फुगा येथे भिंत बांधताना लावलेल्या धिऱ्यासारखा कामी आला.

२६/
किंग आणि मिल्स यांनी २००३ मध्ये, पहिल्या प्रयोगानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, आपल्या त्या मोजक्या रुग्णांचा दीर्घकालीन आढावा प्रसिद्ध केला. तोवर अँप्लाट्झ यांचे उपकरण अमेरिकेत मान्य होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अँप्लाट्झ २०१९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले.

२७/
भारतात हे उपकरण दीर्घकाळ परदेशातूनच येत राहिले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या, म्हणजे विमाने आणि त्यांचे धातू अभ्यासणाऱ्या संस्थेच्या, नायटिनॉलचा वापर करून स्वदेशी एएसडी उपकरण विकसित केले. २०२१ च्या सुमारास त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे हस्तांतरित झाले. क्षेपणास्त्राच्या टोकासाठी शोधलेला धातू याही खेपेस एका वैमानिकी प्रयोगशाळेतूनच हृदयाकडे निघाला होता.